तांबट आळीतलं रसायनशास्त्र: ताक का कळकतं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

रसायनशास्त्र म्हटलं की अनेकांना आठवते ती प्रयोगशाळा, परीक्षानळी आणि पाठ न होणारी समीकरणं. आज यातलं काहीच नको. आज आपण पुण्यात कसबा पेठेत जाऊ. तिथली तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठक-ठक, ठक-ठक. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. आज हातोडे कमी झालेत, पण काम अजून चालू आहे. रसायनशास्त्राचे पहिले दोन-तीन धडे इथे उघड्यावर दिसतात.

धडा पहिला: बदल कोणता?

तांब्याचा पत्रा ठोकून हंडा घडवायचा, त्यावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवायचे. या ठशांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोकून ठोकून तांबं कडक होतं आणि मग तडकायची भीती असते. म्हणून कारागीर ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, की ते पुन्हा नरम पडतं. आकार बदलला, कडकपणा बदलला, पण तांबं तांबंच राहिलं. हा झाला भौतिक बदल.

आता भट्टीतून काढलेला पत्रा नीट बघा. गुलाबी-तांबूस होता, तो काळा पडलाय. ती काजळी नाही. तापलेल्या तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कॉपर ऑक्साइड तयार झालंय. रंग वेगळा, गुण वेगळे, म्हणजे पदार्थच नवा. हा रासायनिक बदल.

हेच काम घरातला तांब्या भट्टीशिवाय, सावकाश करतो. आधी तो मंद होतो, मग तपकिरी पडतो. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यावर हिरवट थर चढतो, कारण मग ऑक्सिजनबरोबर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही कामाला लागतात.

धडा दुसरा: चिंच नेमकं काय करते?

काळा पत्रा सौम्य ॲसिडमध्ये बुडवला की पुन्हा गुलाबी होतो. आपण घरी चिंच आणि मीठ लावतो तेव्हा तेच करतो. चिंचेत टार्टारिक ॲसिड असतं, लिंबात सायट्रिक.

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: धातूचं ऑक्साइड अधिक ॲसिड, यातून मिळतात क्षार आणि पाणी. इथे क्षार म्हणजे फक्त खायचं मीठ नव्हे. तांब्याचेही क्षार असतात आणि त्यातले बरेच पाण्यात विरघळतात. चिंचेनं तांबं 'उजळत' नाही. वरचं ऑक्साइड विरघळून निघून जातं आणि खालचं तांबं दिसू लागतं.

धडा तिसरा: ताक का कळकतं?

आता जरा थांबा. शाळेत आपण शिकलो की ॲसिडमध्ये धातू टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. जस्त टाकलं तर येतात. तांबं टाकलं तर येत नाहीत. धातूंच्या क्रियाशीलतेच्या उतरंडीत तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, त्यामुळे ते हायड्रोजनला ॲसिडमधून हुसकावू शकत नाही.

मग बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं कसं? तर दोन पायऱ्यांनी. आधी हवेतला ऑक्सिजन तांब्याचं थोडंसं ऑक्साइड करतो, मग ताकातलं लॅक्टिक ॲसिड ते विरघळवतं. खाली तांबं पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा तेच चक्र. ताक जितका वेळ राहील तितकं तांबं त्यात उतरतं. पितळेचंही तसंच, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. असं ताक प्यायलं की मळमळ, उलट्या, पोटदुखी. म्हणजे भांडं घासताना जी क्रिया आपल्याला हवी असते, तीच स्वयंपाकात नको असते.

कल्हई

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे कल्हई. भांडं घासून तापवायचं, त्यात नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसानं झरझर फिरवायचं. तांबं 1085 अंश सेल्सियसला वितळतं, कथील 232 अंशांनाच. म्हणून कथील पसरतं आणि भांडं जागचं हलत नाही.

आणि नवसागर कशाला? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवलं की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. हायड्रोजन क्लोराइड हे ॲसिडच, ते उरलंसुरलं ऑक्साइड साफ करतं, म्हणजे पुन्हा आपलं तेच वाक्य! स्वच्छ तांब्यावरच कथील धरतं. वर गेलेले वायू थंड होऊन पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण होतात. कल्हई करताना भपकन उठणारा पांढरा धूर तो हाच.

पुण्यातलीच एक गोष्ट

हे सगळं 'पोट बिघडेल' इतक्यावरच थांबत नाही. लहान मुलांमध्ये यकृताचा एक आजार होता, 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस'. त्यातली बहुतेक मुलं दगावायची, आणि त्यांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड सापडायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉक्टर भावे आणि पंडित यांनी ब्रिटनच्या टॅनर यांच्यासोबत यावर काम केलं. 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना तान्हेपणीच वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या भांड्यांत तापवलं किंवा ठेवलं जात होतं, याकडे त्यांनी बोट दाखवलं.

दूध काही ताकासारखं आंबट नसतं. पण त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. मोठ्यांचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, तान्ह्या बाळाचं यकृत त्यासाठी पुरेसं तयार नसतं. तांब्याच्या जोडीला आनुवंशिक कारणही असावं, असंही पुढे मांडलं गेलं. पण भांडी बदलली, स्टील आलं, तसा हा आजार दुर्मीळ झाला. कळकलेलं ताक मोठ्या माणसाला चवीनं सावध करतं. बाळाला तेवढंही सांगता येत नाही.

मग तांब्याची भांडी वापरायची की नाही?

साधं पाणी ठेवायला खुशाल वापरा. त्यात लिंबू सरबत, ताक, सोलकढी, चिंचेचं सार नको. स्वयंपाकाच्या भांड्याची कल्हई झिजून आतून लाली दिसू लागली की पुन्हा करून घ्या, आणि कथील शुद्ध, शिशाची भेसळ नसलेलं आहे याची खात्री करा. बाळाच्या दुधाला स्टीलच बरं.

आणि हो, गृहपाठ! काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्याच्या अर्ध्या भागाला चिंच लावा, अर्धा तसाच ठेवा. पाच मिनिटांनी धुऊन बघा. मग घरातल्या कुणाला तरी विचारा, "मळ गेला म्हणजे नेमकं काय गेलं?" उत्तर आता तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.