सांगाडा आवळण्याआधी दोनदा विचार करा

चपलांचे रिकामे खोके झाकणासकट दोन्ही हातांनी पिळून पाहा. ते सहजासहजी वळत नाही. झाकण काढले, की तेच खोके हातात वेडेवाकडे होते. छप्पर नसलेल्या वेगवान मोटारीचे नेमके हेच होते. म्हणूनच अशा गाड्यांच्या शौकिनांना सांगाडा ताठ करणारे दांडे आणि पट्ट्या विकत घेण्याचा मोह आवरत नाही. त्यांना ब्रेस म्हणतात. बाजारात ते नाना तऱ्हांचे मिळतात. पण गरज असते ती त्यातल्या दोन-तीनचीच.

सांगाडा पिळला तर बिघडते काय?

स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर नीट काम करतात ते घट्ट पायावर. एक चाक खड्ड्यात गेले आणि त्यासोबत सांगाडाच पिळला, तर चाकांचे ठरवून दिलेले कोन बदलतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते, डॅशबोर्ड कुरकुरतो, दारे खडखडतात. सांगाडा एक अंश पिळायला किती जोर लागतो, यावरून त्याचा ताठपणा मोजतात.

कंपनीनेच दाखवलेली वाट

जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी आणली. तिचे इंजिन १.६ लिटरचे होते. १९९४ च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचे जास्त ताकदीचे इंजिन आले, तेव्हा कंपनीने सांगाड्यालाही बळकटी दिली. पुढच्या व मागच्या सस्पेन्शनपाशी खालून ब्रेस लावले आणि आसनांमागे सीटबेल्टचे दोन्ही खांब आडव्या दांड्याने जोडले. बॉनेट उघडताच नजरेत भरणारा चकचकीत दांडा या तिघांत नव्हता!

याचे कारण सस्पेन्शनच्या रचनेत आहे. मॅकफर्सन पद्धतीत स्ट्रटचे वरचे टोक थेट बॉनेटखालच्या मनोऱ्याला टेकलेले असते. वळणावरचा आडवा जोर तिथे पोहोचतो, म्हणून दोन मनोरे जोडणारा दांडा उपयोगी पडतो. त्या एमएक्स-५ मध्ये चारही चाकांना डबल विशबोन होते. आडवा जोर मुख्यतः त्याच्या भुजा पेलतात. त्यामुळे तोच दांडा इथे कमी फरक पाडतो. शेजाऱ्याच्या गाडीला लाभलेला भाग आपल्या गाडीला लाभेलच असे नाही.

आधी काय, मग काय?

जुन्या गाडीत पहिली तपासणी गंजाची. एमएक्स-५ च्या दारांखालची पेटी मागच्या चाकाजवळ हमखास गंजते, आणि छप्पर नसलेल्या गाडीचा बराचसा भार तीच वाहते. पोखरलेल्या वाशाला रंग देऊन घर टिकत नाही. तसेच गंजलेल्या पत्र्यावर ब्रेस आवळून काही साधत नाही. झिजलेले रबरी बुश आणि टायर बदलले, तर पुष्कळदा निम्मी तक्रार तिथेच मिटते.

त्यानंतर खालचे ब्रेस. दांडा शक्यतो सरळ आणि कमी सांध्यांचा असावा. इंजिनाला वळसा घालून गेलेला दांडा जोर आला की वाकतो. जमिनीपासूनची उंचीही पाहावी. नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर पैसे वाया जातील. एका वेळी एकच भाग बसवून त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. तसे केले तरच कशाने फरक पडला ते कळते.

सगळाच ताठपणा चांगला नव्हे

अपघातात गाडीचा पुढचा भाग चुरगळतो, तो आतल्या माणसांना वाचवण्यासाठीच. तिथे मनमानी वेल्डिंग करणे धोक्याचे. रोलबार शर्यतीत हेल्मेट घातलेल्या चालकाचे रक्षण करतो. रोजच्या वापरात मात्र उघड्या डोक्याजवळची तीच पोलादी नळी घातक ठरू शकते. ज्या गाडीतून मुले शाळेत जातात, तिच्याबाबत तर हा विचार आधी हवा.

आपल्याकडे कायद्याकडेही लक्ष ठेवावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तेव्हा कटिंग-वेल्डिंगचे काम काढण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि वॉरंटीचे कागद एकदा वाचून घ्यावेत.