सूर्यास्तापूर्वीचा संसार

व्यापारी जैन कुटुंबात दिवसाचे दोन हिशेब असतात. दुकानाचा हिशेब रात्री गल्ला मोजल्यावर मिटतो. स्वयंपाकघराचा मात्र सूर्यास्तापूर्वी मिटवावा लागतो. बाजारात गिऱ्हाईक वाढते ते नेमके त्याच वेळी. चौविहाराचा नियम घेतलेल्या पती-पत्नीची खरी कसोटी दिवसाच्या या एका तासात लागते.

चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग. सूर्य मात्र वर्षभर एकाच वेळी मावळत नाही. मुंबईत जुलैच्या आरंभी सूर्यास्त सव्वासातनंतर होतो, तर नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमारास येतो. नागपुरात त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे चातुर्मासात दुकान सांभाळून निभावलेला नियम दिवाळीनंतर अवघड वाटू लागतो. अशा वेळी पुष्कळ घरांत न बोलता एक तडजोड होते. पती उशिरा येऊन जेवतो. पत्नी त्याच्यासाठी थांबली तर तिचा नियम मोडतो. न थांबली तर ती एकटी जेवते आणि रात्री पुन्हा चूल पेटवते. घराचा म्हणून घेतलेला नियम प्रत्यक्षात एकटी श्राविका वाहत असते.

पाचचा डबा

ज्या घरांनी यावर मार्ग काढला, त्यांनी आधी दुकानाचे वेळापत्रक बदलले. दोघे भाऊ असतील तर सायंकाळी गादीवर आळीपाळीने बसायचे. एकटा असेल तर पाच वाजता घरून डबा मागवायचा. डब्याचा स्वयंपाक दुपारीच अर्धा उरकता येतो. मुगाच्या डाळीची खिचडी, कच्च्या केळ्याची सुकी भाजी, ठेपले, खाखरे हे पदार्थ थोड्या वेळात होतात आणि दुकानात सांडत नाहीत. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य असली, की गट्टे, मुगवड्या किंवा पापडाची भाजी उपयोगी पडते. कढी हवी असेल तर द्विदलाचा नियम पाळणारी घरे ताक आधी चांगले गरम करून घेतात आणि मगच त्यात बेसन घालतात. ही दक्षता स्वयंपाक करणारीच्या अंगवळणी पडलेली असते. जेवणाऱ्याला ती ठाऊक असावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र डबा नको. त्या दिवशी दोघांनी एकाच वेळी पानावर बसावे.

गळण्याची शिलाई

गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे मानली जाते. सकाळी एकदा पाणी गाळून दिवस भागत नाही. हे काम दिवसातून अनेकदा करावे लागते आणि म्हणूनच ते कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गळण्याचे पारंपरिक माप ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद असे आहे. २४ अंगुळे म्हणजे एक हात, ३६ म्हणजे दीड हात. जाड, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे, धुऊन त्याची खळ काढावी, चारही कडा दुमडून टीप घालावी आणि वापरताना ते दुहेरी करावे. दुहेरी कापड उजेडासमोर धरून पाहावे. आरपार दिसत असेल तर ते विरळ समजावे. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात अशी पारख पुरुषालाच अधिक चांगली असते. कापड त्याने निवडावे, शिलाई तिने करावी किंवा उलट. पण सकाळचे पहिले पाणी गाळणे आणि जिवाणी, म्हणजे गळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव, गाळलेल्या पाण्याने हलकेच मूळ जलाशयात परत सोडणे, हे काम त्याने आपल्याकडे घ्यावे. अहिंसेचा विचार प्रवचनात ऐकला जातो. हाताला त्याची ओळख येथे होते.

पत्रिकांच्या चिठ्ठ्या

दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानतात. श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाखरे यांसारख्या पदार्थांसाठी हेच प्रमाण अनुक्रमे १५, २० आणि ३० दिवस असे आहे. हे सर्व दिवस एकटीने डोक्यात ठेवण्याऐवजी डब्यावर लिहावेत. लग्नाच्या जुन्या जाड पत्रिका प्रत्येक घरात साठलेल्या असतात. त्यांच्या कोऱ्या बाजूच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात, एका टोकाला भोक पाडून दोरा ओवावा आणि डब्याच्या गळ्यात बांधाव्यात. पावसाळ्यासाठी हिरवा, उन्हाळ्यासाठी पिवळा, हिवाळ्यासाठी तांबडा असा दोरा ठरवला, तर लहान मुलालाही मर्यादा कळते. तिथी मुलांनी लिहावी. मर्यादा संपत आली, की गिरणीत जाण्याची पाळी कोणाची, हेही त्याच चिठ्ठीवर नोंदवावे. दुकानातील मालाची आवक-जावक वहीत लिहिणाऱ्या माणसाला ही पद्धत शिकवावी लागत नाही.

दोन माहेरांचे नियम

विवाहाने दोन घरांच्या चालीरीती एकत्र येतात. मारवाडी स्थानकवासी घरात कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर कन्या आली, तर पिठाचे दिवस, पाण्याची मर्यादा आणि पर्युषणाचा काळ या सर्वांत फरक असतो. श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे. त्यानंतर दिगंबरांचे दशलक्षण पर्व दहा दिवस चालते. अशा घरात सुनेचे दहा दिवस ‘तिचे’ म्हणून बाजूला ठेवले जातात, की सासरही त्या दिवसांत साधे जेवण घेते, यावर तिचे त्या घरातील स्थान पुष्कळ अंशी ठरते. सासूबाईंनी एक दिवस तिच्या रीतीचे पान वाढले, तर मतभेदाला जागा उरत नाही.

चातुर्मासाच्या आरंभी प्रत्याख्यान घेण्यापूर्वी पती-पत्नीने घरातच तीन गोष्टी ठरवाव्यात: पाणी कोणत्या वेळी कोण गाळणार, दळण कोण आणणार आणि सूर्यास्ताच्या वेळी गादीवर कोण बसणार. या तीन प्रश्नांची उत्तरे देताना दोन्ही नावे आली, तर कार्तिकापर्यंत नियम निभावतो, आणि तो निभावताना घरातील कोणी थकून जात नाही.