आधी नळीत गज घाला

निवडणुकीपुरत्या पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका आता पावती दाखवून घरी परत नेल्या जात आहेत. कोकणात त्यांत ठासणीच्या एकनळी बंदुका पुष्कळ. आजोबांनी कधीतरी शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या, आणि आता आजोबांच्यानं घोडाही ओढवत नाही. इकडे रानडुकरांनी भाताची आणि वानरांनी नारळाची नासाडी चालवलेली. त्यामुळे परवाना आपल्या नावावर करून घ्यावा, असं घरातली तरुण मंडळी म्हणू लागली आहेत. अर्ज कुठे करायचा, दाखले कोणते लागतात, हे सांगायला गावात दहा जण पुढे येतात. ‘आधी नळीत काय आहे ते बघ’ असं सांगणारा मात्र क्वचित भेटतो. जुनी ठासणीची बंदूक हाती घेणाऱ्याचा पहिला धडा खरं तर तोच आहे.

काडतुसाची बंदूक मोडून उघडता येते. आत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते. दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा असं सगळं तोंडातून घालून गजानं ठासायचं, मग घोड्याखालच्या निपलवर टोपी बसवायची. टोपी काढली की बंदूक रिकामी झाली, हा समज फार पसरलेला आहे आणि तो जीवघेणा आहे. टोपी फक्त ठिणगी देते. बार आतच राहतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वयानं मरत नाही. शिकार न सापडलेल्या रात्री माणूस टोपी काढून बंदूक माळ्यावर ठेवतो, पुढे तो माणूस जातो, आणि बार तसाच भरलेला राहतो.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर गेटिसबर्गची नोंद पाहावी. अमेरिकी यादवी युद्धातल्या 1863 च्या त्या लढाईनंतर रणभूमीवरून 27 हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 24 हजार भरलेल्या होत्या. जवळपास 12 हजारांत एकावर एक दोन बार होते, सहा हजारांत तीन ते दहा, आणि एकीत तर 23. गदारोळात आपला बार उडालाच नाही हे शिपायाला कळत नव्हतं. तो त्यावर दुसरा ठासत होता. बंदूक बाहेरून पाहून काहीच समजत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातल्या एका तोफेचा गंज काढताना आत दारू, बोळा आणि गोळा सापडला. ही तोफ कित्येक वर्षं लोकांसमोर मांडलेली होती. त्याआधी 2008 मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना तो फुटून एका संग्राहकाचा जीव गेला. त्या गोळ्यातली दारू 140 वर्षांहून जुनी होती.

तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. टोपी नाही याची खात्री करायची. नळीचं तोंड माणसांपासून, आणि आपल्यापासूनही, दूर ठेवून गज अलगद तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी त्यावर खूण करायची. मग गज काढून नळीला बाहेरून समांतर धरायचा, खूण तोंडाशी जुळवून. त्याचं टोक निपलच्या जवळपास पोचलं पाहिजे. दोन-चार बोटं अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. ते बार असेल, कुंभारमाशीचं मातीचं घरही असेल. पण बारच आहे असं धरून चालायचं. तो उडवून काढायचा नाही, खरवडायचा नाही, विस्तवाजवळ न्यायचा नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायची. नळीला कुठे फुगवटा आहे का, मागचं बूच गंजलं आहे का, निपलचे आटे झिजलेत का, अर्ध्यावर ओढलेला घोडा तिथेच टिकतो का, हेही त्यालाच पाहू द्यावं. यातलं काही बिघडलेलं असेल तर ती बंदूक भिंतीवरही नको.

मला राहून राहून वाटतं की हे काम सरकारनं अंगावर घ्यायला हवं. बंदूक जमा करताना क्रमांक, परवाना, मुदत सगळं तपासलं जातं. तिथेच गज घालून पाहण्याचा नियम केला तर खर्च शून्य आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायद्याला हे हत्यार चांगलं ठाऊक आहे. मग त्याच्या नळीची चौकशी का नसावी?

परवानाधारक वारला की बंदूक वारसाच्या घरात ठेवता येत नाही. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. नवा परवाना हाती आल्यावरच ती आपली. आणि परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा मिळाली, असंही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वनखात्याचा वेगळा लेखी आदेश लागतो.

दारूच्या बाबतीत एकच गोष्ट ठाम सांगतो. काडतुसं फोडून त्यातली बिनधुराची दारू या नळीत कधीही घालू नये. तिचा दाब या लोखंडाला सोसत नाही. काळी दारू उडाल्यावर क्षारांचा थर मागे राहतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. खाऱ्या वाऱ्याच्या गावात एका रात्रीत नळी तांबूस होते. म्हणून बार उडवल्याच्या दिवशीच गरम साबणाच्या पाण्यानं नळी धुवायची, कोरडी चिंधी फिरवायची आणि तेलाचा हात द्यायचा. पावसाळ्यात बंदूक वापरली नसली तरी अधूनमधून काढून तेल लावावं, आणि दर वेळी हातात घेताच पुन्हा गज घालून बघावा.