बुरशीचा आहार

पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या सुती कापडावर काही दिवसांतच बुरशीचे डाग पडतात, आणि पुढे ते कापड नुसते ओढले तरी फाटते. घरात किरकोळ वाटणारी ही हानी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यापुढे मोठे संकट होऊन उभी राहिली. पॅसिफिक महासागरातील दमट बेटांवर सैनिकांचे तंबू व इतर सुती साहित्य पाहता पाहता कुजून जाई. याचे कारण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी कुजलेल्या कापडांवरील बुरश्या गोळा केल्या. त्यांतलीच एक बूगनव्हिल बेटावरील तंबूच्या कापडावर सापडलेली ट्रायकोडर्मा ही होय.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. बुरशीला ना तोंड, ना पोट. मग हे चिवट अन्न ती खाते कशी? ती आपल्या शरीराबाहेर सेल्युलेज नावाची विकरे सोडते. विकर म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे, सजीवांच्या पेशींत तयार होणारे प्रथिन. ही विकरे सेल्युलोजचे विघटन करून त्याची साखर बनवितात, आणि ती साखर बुरशी शोषून घेते.

मेरी मँडेल्स व एल्विन रीझ या शास्त्रज्ञांनी ही बुरशी प्रयोगशाळेत निरनिराळ्या पोषक द्रवांत वाढविली. १९५७ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. द्रवात ग्लुकोज असले की बुरशी जोमाने वाढे; परंतु सेल्युलेज जवळजवळ मिळतच नसे. ग्लुकोजच्या जागी सेल्युलोज घातले, की तेच विकर विपुल प्रमाणात तयार होई. आयते अन्न पुढे असता बुरशी व्यर्थ श्रम करीत नाही! शिवाय, विकर हे प्रथिन असल्यामुळे त्याच्या घडणीस नत्र लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांचे क्षारही अल्प प्रमाणात द्यावे लागतात. तात्पर्य, बुरशीची वाढ आणि विकराची निर्मिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीला पोषक असलेला आहार दुसरीलाही पोषक ठरेलच, असे नाही.

१९७७ साली रीझ यांच्या गौरवार्थ या बुरशीला ‘ट्रायकोडर्मा रीझाय’ असे नाव देण्यात आले. आज तिची विकरे कापड मऊ करण्यासाठी आणि पिकांच्या काडापासून साखर व पुढे इंधन बनविण्यासाठी वापरली जातात. तंबू कुजविणारी बुरशी अशा प्रकारे माणसाच्या उपयोगी पडली. तिचा नाश करण्यापुरताच विचार न करता ती काय खाते व कशी खाते, हे शास्त्रज्ञांनी जिज्ञासेने पाहिले, त्याचेच हे फळ होय.