गोबर गॅस : कागदावरील नोंद व चुलीवरील वापर

कुजणाऱ्या पदार्थांपासून जळाऊ वायु काढण्याची विद्या आपल्या प्रांतास नवी नाहीं. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून निघालेल्या वायूवर १८९७ सालीं दिवे लागत होते. पुढें १९५१ सालीं जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टाकीचें शेणाचें संयंत्र सिद्ध केलें, व त्याचा प्रसार खादी ग्रामोद्योग आयोगानें केला. १९८१-८२ पासून मध्यवर्ती सरकारची योजनाही सुरू झाली.

या उद्योगांत आपला देश शेजाऱ्यांच्या तुलनेनें कोठें आहे, हें आतां पाहूं. गेल्या दशकाच्या मध्यास चीनमध्यें घरगुती संयंत्रें ४ कोटींच्या वर गेलीं होतीं. हिंदुस्थानांत तीं सुमारें ५० लक्ष, पैकीं आपल्या महाराष्ट्रांत सुमारें ९ लक्ष, आणि लहानशा नेपाळांत ३ लक्षांहून अधिक बांधलीं गेलीं. दर हजार माणसांमागें ढोबळ मानानें चीन ३०, नेपाळ १०, महाराष्ट्र ८ व सर्व हिंदुस्थान ४, असें हें प्रमाण पडतें.

परंतु ही मोजणी बांधकामाची झाली, वापराची नव्हे. पहाणीपत्रकांत पेरा दाखल झाला म्हणजे खळ्यावर रास आलीच, असें कोणी समजत नाहीं. तोच न्याय येथें लावावा. चीनमध्येंही तरुण मंडळी शहरांत गेल्यानें व घरचीं जनावरें घटल्यानें अनेक संयंत्रें पडून राहिलीं.

वापर ठरतो तो शेण व पाणी यांवर. एक घनमीटर वायूस रोज २५ किलो ताजें शेण व तितकेंच लिटर पाणी लागतें. तेवढा वायु सुमारें साडेतीन किलो सरपणाचें काम करितो. पांचसहा माणसांच्या घरास दोन घनमीटरचें संयंत्र पुरतें. त्यास ५० किलो शेण, म्हणजे चारपांच मोठीं जनावरें पाहिजेत. दावणीस दोनच असतील, तर २० किलो शेणांतून पाऊण घनमीटरच वायु निघेल. नोंदीस संयंत्र पूर्ण, चुलीवर निम्म्याहून कमी!

लाल कंधारी व देवणी या गोवंशांची भूमि असलेल्या नांदेड-लातुरास ही गोष्ट विशेष लागू आहे. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी कमी झाली, आणि शेणही घटलें. शिवाय पाण्याचा प्रश्न आहेच. ५० किलो शेणास महिन्याकाठीं दीड हजार लिटर पाणी लागतें. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; अशा सालीं गुरें छावणीस गेलीं कीं संयंत्र कोरडें पडतें, व तें पुन्हां चालू होण्यास कित्येक आठवडे जातात.

म्हणून संयंत्र बांधण्यापूर्वीं आठ दिवस गोठ्यांतील शेण प्रत्यक्ष वजन करून पाहावें, आणि उन्हाळ्यांत हातीं राहणाऱ्या जनावरांच्या हिशेबानें आकार ठरवावा. कालवण्यास गोठा धुतल्याचें पाणी चालतें. मात्र त्यांत साबण अगर फिनेल नसावें. गोवरी जाळल्यास खत जातें. संयंत्रांतून जळणही मिळतें व मळी शेतास परत येते. लहान पण रोज पेटणारें संयंत्र हें मोठ्या व थंड संयंत्राहून केव्हांही श्रेयस्कर होय.