यंदा मोहरम कधी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच होती. गुरुजी नाव घालताना तारीख विचारायचे, आईबाप आकाशाकडे बघायचे आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. अम्मी मात्र वेगळंच सांगायची. "मोहरमच्या सवाऱ्या थंड झाल्या होत्या आणि गावात होळी अजून पेटायची होती, त्या मधल्या दिवसांत तू झालास. खडी फोडायला गेलो तेव्हा नुकता पाय टाकायला लागला होतास."

मला ही जुन्या बायकांची गोष्ट वाटायची. मोहरम आणि होळी यांचा काय संबंध? या प्रश्नाचा उलगडा झाला तो एका अमेरिकन पाद्र्यामुळे.

त्याचं नाव एबेनेझर बर्जेस. अमेरिकन मराठी मिशनचा हा माणूस १८३९ मध्ये मराठी मुलखात आला. मिशनचं अहमदनगरचं (आताच्या अहिल्यानगरचं) ठाणं १८३१ पासूनचं. सिंथिया फरार या बाई मुलींच्या शाळांसाठी नगरला आल्या त्याही १८३९ मध्येच. त्यांची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती आणि पुढे १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची सुरू केली, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता ही मंडळी कुठून आली होती ते बघा. न्यू इंग्लंडचे हे कडक प्रॉटेस्टंट. त्यांच्याकडे मोठा सण म्हणजे रविवार! नाताळसुद्धा त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ कायद्यानं बंद ठेवला होता, आणि तिथे नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती १८५६ मध्ये. शरदातला आभाराचा दिवस, वर्षातून एखादा उपासाचा दिवस, बस्स. अशा घरांतली माणसं येऊन पडली ती नागपंचमी, पोळा, दसरा, संक्रांत, उरूस आणि ताबुतांच्या मुलखात. आपल्या पाठशाळांना सुट्टी असे ती प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमेला. मक्तबाची शुक्रवारी. या पाहुण्यांना हवी रविवारी. पोळ्याला शाळेत कोण येणार, सांगा! बैल रंगवायचे सोडून बाराखडी गिरवणारं पोर मराठी मुलखात जन्मायचं आहे.

पण खरी पंचाईत पुढेच होती. १८४० च्या मार्चमध्ये, म्हणजे बर्जेसच्या इथल्या पहिल्याच होळीला, मोहरम आणि होळी एकाच पंधरवड्यात होती. दहा वर्षांनी, १८५० मध्ये, दिवाळीची अमावास्या झाली आणि लगेच मोहरमचा चंद्र दिसला. होळी आपली होळीच्या जागी, मोहरम मात्र चार महिने मागे सरकलेला. इंग्रजी तारखेवर जगणाऱ्या माणसानं सुट्ट्यांचा कागद लिहायचा कसा?

हिशेब तसा सोपा आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. पंचांग काय करतं, ही तूट साठवतं आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून फेडतं. म्हणून होळी उन्हाळ्याच्या तोंडाशीच येते, दिवाळी पावसाळ्यानंतरच. इस्लामनं असा जादा महिना घालणं बंद केलं. त्यामुळे आमचे सण दर वर्षी अकरा दिवस मागे येतात आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. जो रोजा मी लहानपणी पावसात धरला तो भर मे महिन्यातही धरला आहे. चटका लागला, पण गरीब-श्रीमंत, उत्तर-दक्षिण सगळ्यांच्या वाट्याला सगळे ऋतू येतात, हा न्याय मला आवडतो.

गंमत अशी की महिना मोजायची दोघांची सुरुवात एकाच चंद्रानं होते. अमावास्या सरली की चांद. म्हणून हिजरी महिना आणि आपला मराठी महिना दोन-तीन वर्षं हातात हात घालून चालतात. मग अधिक महिना येतो आणि हात सुटतो; दोन-तीन वर्षं पुढच्या महिन्याशी दोस्ती.

बर्जेसनं मुलांसाठी मराठीत खगोलशास्त्राचं शालेय पुस्तक तयार करायला घेतलं. नुसतं युरोपचं ज्ञान ओतून ते इथल्या शिकलेल्या माणसाला रुचणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून तो थेट पंचांगाच्या मुळाशी, 'सूर्यसिद्धान्ता'पाशी गेला. जाणत्या ब्राह्मणांना बरोबर घेऊन त्यानं इंग्रजी भाषांतराचा पहिला खर्डा इथेच केला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेतल्या गणिताच्या शास्त्रीबुवांनीही काही ठिकाणी मदत केली. १८५४ मध्ये तो परतला आणि व्हिटनी या संस्कृत पंडिताच्या टिपांसह ते भाषांतर १८६० मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. आजही अभ्यासक ते उघडतात.

या ग्रंथातलं वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं आणि सुमारे ३६ सेकंदांचं. आजच्या नाक्षत्र वर्षाहून फरक साडेतीन मिनिटांचाही नाही. पण ऋतूंच्या वर्षाहून ते तेवीस-चोवीस मिनिटांनी मोठं, म्हणून संक्रांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंद १८६३ मध्ये संक्रांतीला जन्मले ती तारीख १२ जानेवारी. आपण तिळगूळ वाटतो १४ ला, कधी १५ ला.

बर्जेस धर्म पसरवायला आला होता, हे लपवायचं कारण नाही. आपलं आकाश लोकांना शिकवण्याआधी लोकांचं आकाश शिकायला बसला, एवढं मात्र त्याच्या नावावर आहे. त्याहून मोठी गोष्ट पुस्तकाच्या शेवटी आहे. हिंदू ज्योतिष बरंचसं ग्रीकांकडून आलं, असं व्हिटनीचं मत. बर्जेसला ते पटलं नाही. त्यानं शेवटी स्वतःची वेगळी टीप जोडून सांगितलं की हिंदूंचं श्रेय यापेक्षा बरंच जास्त आहे. वाद आजही मिटलेला नाही आणि सगळीच माप बर्जेसच्या पारड्यात पडत नाहीत. पण घरच्या पंडिताशी परक्या लोकांसाठी वाद घालायला छाती लागते.

हे सगळं वाचलं आणि अम्मीचं बोलणं आठवलं. जुनी कॅलेंडरं, पंचांगं जमवून बसलो. १९७०, ७१ आणि ७२, सलग तीन वर्षं मोहरम फाल्गुनाबरोबर चालला होता. म्हणजे दहावी मोहरम झाली की चार-पाच दिवसांत होळी. ७२ च्या उन्हाळ्यात अधिक वैशाख आला आणि पुढच्या वर्षी मोहरम माघात गेला. तीनपैकी वर्ष कोणतं? दुष्काळातली खडी ७२-७३ ची आणि मी तेव्हा नुकता पाय टाकत होतो. म्हणजे फेब्रुवारी १९७२ चा शेवटचा आठवडा.

अम्मीला जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

आधार कार्डावर मात्र अजून १ जूनच आहे.