दोन बोटं पाणी

पहाटेचे साडेपाच. शिरूर कासारच्या शिवारात सिंदफणेच्या तलावावर अजून ऊन आलेलं नाही. पाणी काठापासून लांब सरकलंय. मे महिन्यात ते असंच सरकतं. मधे भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. त्यात गुरांच्या खुरांचे ठसे वाळून विटेसारखे कडक झालेत. पाय वाकडा पडतो. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडतेय. तिची अंडी इथंच कुठंतरी खड्यांत असणार. मी वाट बदलतो. थोड्या वेळानं तिचा आवाज उतरतो.

पाण्यात दोन तराफे आहेत. थर्माकोलचे जाड ठोकळे, त्यांच्यावर पोत्याचं शिवलेलं कापड. एकेका तराफ्यावर एकेक माणूस उकिडवा बसलाय. हातात फळीचे चपटे तुकडे, त्यांनीच वल्हवायचं. रात्री लावलेलं जाळं हळूहळू वर येतंय. काठावर एक बाई टोपलं आणि तराजू मांडून बसलीय. तिच्यासमोर पिशव्या घेऊन सातआठ जण उभे. कुणी बोलत नाही. सगळ्यांची नजर जाळ्यावर.

जाळं काठाला लागतं. बाई मासे सोडवायला घेते. तिचे हात बघण्यासारखे आहेत. लहान मासा ती मागे ओढत नाही. ज्या बाजूनं तो शिरला, त्याच बाजूनं पुढं ढकलून काढते. मागे ओढला तर धागा कल्ल्यात रुततो, मासाही फाटतो आणि जाळंही. एका हातात मासा, दुसऱ्या हाताच्या नखानं धागा उचलायचा, आणि सुटला की टोपल्यात. टोपल्यात बहुतेक चिलापीच. तीनचार रोहू, एक कटला.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून त्यांची बोटुकली दर पावसाळ्यात आणून तलावात सोडावी लागते. चिलापीला कुणी आणावं लागत नाही. ती आपली आपण वाढते. अशा तलावांचा मासेमारीचा ठेका सहसा पाच वर्षांसाठी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे जातो. बोटुकलीचे पैसे संस्थेनं घालायचे आणि मग आभाळाकडं बघायचं. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला ६५० मिलिमीटरच्या आसपास, तोही सरासरीत. एखाद्या साली तलाव उन्हाळ्याआधीच तळ दाखवतो. मग मासा मोठा व्हायच्या आतच काढावा लागतो.

पलीकडं तीन पोरं गळ टाकून बसलीत. गाळ वाळल्यावर गांडूळ मिळत नाही. म्हणून कणकेची गोळी, तिच्यात चिमूटभर हळद. गोळी बोटानं दाबून गरीवर अशी बसवायची की टोक दिसता कामा नये. दोऱ्याला वीतभर अंतरावर पांढरी, हलकी काडी बांधलीय. मी वाकून बघतो. मोरपिसाचा देठ आहे. दोन्ही बाजूंचे केस सोलून काढलेत.

"बुडत न्हाई ही," पोरगं सांगतं. "नुसती उभी ऱ्हाती. माशानं तोंड लावलं की कळतं."

काडी पाण्यात उभी राहते. आम्ही चौघं तिच्याकडं बघत बसतो. पंधरा मिनिटं काहीच होत नाही. सूर्य वर येतो. काडी एकदा थरथरते, पुन्हा स्थिर होते. पोरगं दोरी ओढत नाही. दुसऱ्यांदा थरथरते, तरी नाही. तिसऱ्यांदा काडी आडवी होते आणि मग मनगटाचा एकच झटका. बोटभर चिलापी उन्हात चमकते. पोरगं तिला न्याहाळतं आणि पाण्यात परत टाकतं. "लहान हाय."

आठ वाजता शिरूरच्या स्टँडवर उन्हाचा चटका जाणवायला लागलाय. १९९९ साली हे गाव तालुक्याचं ठाणं झालं, पण सकाळ अजून खेड्याचीच आहे. चहाच्या टपरीवर पेल्यांचा खळखळाट. काळीपिवळी भरेपर्यंत हलणार नाही. आत अकरा जण झालेत, ड्रायव्हर अजून दोघांची वाट बघतोय. ऊसतोडीला गेलेली माणसं आता गावात परतलीत. घरांपुढं बैलगाड्या टेकवलेल्या. साठ्यांवर अजून उसाची चिपाडं चिकटलीत. पोरांच्या तोंडी कारखान्याकडच्या गावांची नावं आहेत. दिवाळीनंतर हे तालुके अर्धे रिकामे होतात आणि उन्हाळ्यात भरतात, नेमके पाणी संपायच्या दिवसांत.

रायमोहा मागे पडतं आणि रस्ता बालाघाटात शिरतो. डोंगर उंच नाहीत. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे, तांबूस-करडे. कडेला सीताफळीची झुडपं. काड्यांवर नुकतीच कोवळी पालवी फुटलीय, बाकी सगळं रान वाळलेलं असताना. ही झुडपं कुणी लावलेली नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला याच काड्यांना डोळे उघडलेली फळं लागतील. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डोंगरातल्या बायका मात्र त्याच्या आधीपासूनच टोपली भरून रस्त्याच्या कडेला बसत आल्यात.

एका वळणावर उतरतो. पुढं माळ. कमरेएवढं कुसळी गवत वाळून पिवळं पडलंय. दहा पावलं चालल्यावर पायजम्याला शंभर कुसळं. हेच रान सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून लिहिलं जातं. त्या शब्दाचा मला राग येतो. कारण लांबवर, लिंबाच्या सावलीत, काळविटांचा कळप उभा आहे. मोजतो. नऊ. एक नर, काळाभोर, पीळदार शिंगांचा. बाकी माद्या आणि दोन पाडसं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. पडीक म्हणतात ती ही जागा.

शेळ्या वळणारा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा आहे. मी नमस्कार करतो. "राम राम, आबा."

"राम राम. लांबूनच बघा. जवळ गेलात की उडतेत."

आबांच्या लहानपणी इथं शिकार चालायची. ते लपवत नाहीत. सशासाठी वाघूर लावत. बोरीच्या दोन झुडपांमध्ये जाळं आडवं बांधायचं, पलीकडून पोरांनी डबे वाजवत हाका करायचा. तितरासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास. फास लावावा तर पारध्यानंच, असं ते म्हणतात. पायवाट बघून त्याला कळायचं की पक्षी कुठून येणार. सांगताना आबांचा हात हवेत केस वळून दाखवतो. गाठ पडते. आंगठा आणि तर्जनी अजून विसरलेली नाहीत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज काळवीट आणि मोर दोघंही त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारणाऱ्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ससा, तितर यांचीही शिकार करता येत नाही. कायद्याचे आकडे आबांना ठाऊक नाहीत. त्यांना एवढं ठाऊक आहे की गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी फाडलेलं पाडस पोरांनी घोंगडीत गुंडाळून नेलं. या तालुक्यात तागडगावला जखमी जनावरांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडणारं ठिकाण आहे.

"पेरलेलं खातेत ती," आबा म्हणतात. "मूग उगवला की रातीत साफ. पर काय करावं? त्यांनी कुठं जावं?"

हे ते शांतपणे म्हणतात. नुकसान त्यांचं आहे, माझं नाही. मी गप्प राहतो.

दुपारी दीडला पाटोदा तालुक्यातलं नायगाव. मयूर अभयारण्याच्या रानात शिरताना वारा पडलाय. पान हलत नाही. जमिनीतून वाफ येतेय. डोक्यावरचा रुमाल भिजवतो, पाच मिनिटांत कोरडा. ग्लिरिसिडिया, बाभूळ, हिवर, बोर. मधेमधे ओढ्याच्या घळी, त्यात नुसते गोटे. पायवाटेवर रानडुकरांनी उकरलेली माती. मोर? एकही नाही. पण त्यांच्या पायांचे ठसे धुळीत सगळीकडं आहेत. तीन बोटं पुढं, मागच्या आंगठ्याचा ठिपका. १९९४ साली जाहीर झालेलं हे रान जवळपास ३० चौरस किलोमीटरचं. या वेळी ते सगळंच्या सगळं झोपलंय.

एक कुटुंब परत निघालंय. बाप, आई, दोन लेकरं. सकाळपासून हिंडले, मोर दिसला नाही. धाकटी रडवेली झालीय. "मोर कुठं गेले?" ती मला विचारते. मी झाडांच्या गर्द सावलीकडं बोट दाखवतो. ते तिथंच आहेत, बाई. त्यांनी तुला केव्हाच बघितलंय.

वनमजूर पाणवठा दाखवतो. सिमेंटची उथळ बशी, चारपाच हात रुंद. पाणी हिरवट. कडेनं मधमाश्यांची रांग लागलीय. त्या पाण्यात उतरत नाहीत, ओल्या सिमेंटला तोंड लावतात. आम्ही तीसेक पावलांवर बोरीच्या आड बसतो. त्याची सूचना एवढीच, "खोकला आला तर रुमाल धरा. मोबाइल बंद."

मग वाट बघणं. अडीच. तीन. साडेतीन. घाम डोळ्यांत उतरतो. मुंग्या पायावर चढतात. होले येतात, पितात, जातात. एक सरडा बशीच्या कडेवर मान वर-खाली करत बसतो. सव्वाचारला वनमजूर माझ्या गुडघ्याला बोट लावतो.

लांडोर आहे. झुडपाच्या कडेला, मातीच्याच रंगाची. ती पुढं येत नाही. मान उंच करून उभी राहते. मी घड्याळ बघतो. सात मिनिटं ती तशीच उभी. मग चार पावलं. पुन्हा थांबते. शेवटी बशीच्या काठावर. चोच बुडवते, मान वर करून घोट उतरवते आणि सगळीकडं बघते. पुन्हा एक घोट. प्रत्येक घोटाला एक नजर. मोजतो, अकरा घोट. ती बाजूला होते आणि मागून आणखी तीन येतात.

मोर सर्वांत शेवटी. आधी निळी मान दिसते, मग बाकीचा. पिसारा अजून भरलेला आहे, मागे जमिनीवर घासत येतो. वाळल्या पानांवर त्याचा सरसर आवाज. दीडशेवर पिसं असतात त्या पिसाऱ्यात. पावसाळा सरताना ती सगळी गळतील आणि पुढच्या मोसमापर्यंत नवी येतील. सकाळच्या गळाची काडी अशीच कुठंतरी गळालेली असणार. तो वाकतो तेव्हा पिसारा मागून किंचित उचलला जातो. पाण्यात त्याचा गळा दिसतो. एक घोट. दुसरा.

लांब रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज. दार आपटतं. स्पीकरवर गाणं सुरू होतं. मोराची मान ताठ. क्षणभर तो दगडासारखा, आणि मग धावत झुडपात. लांडोरी त्याच्याही आधी गेलेल्या. वाळल्या पानांची सळसळ थांबते. दोनच घोट झाले होते त्याचे.

आम्ही आणखी दीड तास बसतो. तो येत नाही.

उजेड मावळतो. डोंगरावरून मोरांचे आवाज सुरू होतात. आधी एक, मग दुसऱ्या घळीतून उत्तर, मग चहूकडून. रात्रीसाठी ते उंच झाडांवर चढतायत. परतताना वाटेत एक जुनं पीस पडलेलं दिसतं, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. मी उचलतो. वनमजूर मान हलवतो. अभयारण्यातलं काहीच बाहेर न्यायचं नाही. मी ते होतं तिथंच ठेवतो.

निघण्याआधी तो पाणवठ्याशी जातो. काडी बुडवतो, बाहेर काढतो, ओल्या भागावर बोटं ठेवून मोजतो. दोन बोटं पाणी. टँकर परवा येणार आहे.

तुम्ही उन्हाळ्यात याल तर जरूर या. प्यायचं पाणी सोबत आणा, पाणवठ्यापासून लांब बसा, आणि गाणी गाडीतही लावू नका.